रुपयाचे तिकीट, युरोचे कर्ज

नागपूरहून हिंगण्याकडे निघालेली मेट्रो लोकमान्य नगरला येऊन थांबते. पुढे हिंगणा गावापर्यंत सुमारे साडेसहा किलोमीटर उरतात. एमआयडीसीतले कामगार, अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले, बाजाराला निघालेल्या बाया हे अंतर ऑटोने, बसने नाहीतर दुचाकीने कापतात. दुसऱ्या टप्प्यात ही मार्गिका हिंगण्यापर्यंत न्यायची आहे. एकूण ४३.८ किलोमीटरच्या या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. खर्च ६,७०८ कोटी रुपये. म्हणजे येत्या काही वर्षांत हिंगण्याचा माणूस घराजवळ गाडीत बसेल आणि सीताबर्डीला उतरेल. आनंदाचीच गोष्ट आहे.

मी हिंगणा मार्गावर राहतो आणि अनेक वर्षे वाणिज्य शाखेच्या मुलांना आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवला. परकीय कर्जाचा धडा आला की वर्ग पेंगायला लागे. पण एकदा मेट्रोच्या खांबांचे उदाहरण घेतले, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तिकीट तर आपण रुपयांत काढतो. मग जर्मनीला द्यायचे युरो येतात कुठून?" परकीय कर्जाबद्दल विचारण्यासारखा खरा प्रश्न मला हाच वाटतो. वर्तमानपत्रांत आकडा येतो, व्याजदर येतो, 'विक्रमी निधी मिळाला' असा मथळा येतो. युरो कुठून येणार, हे मात्र कोणी सांगत नाही.

आधी हकीकत. नागपूर मेट्रोच्या पहिल्या टप्प्यासाठी जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी विकास बँकेने ५० कोटी युरोचे कर्ज दिले. करार एप्रिल २०१६ मध्ये झाला. त्याच वर्षी फ्रान्सच्या एएफडी या संस्थेनेही १३ कोटी युरो देऊ केले. पहिल्या टप्प्याचा अंदाजित खर्च होता ८,६८० कोटी. त्यातला निम्म्याहून जास्त पैसा या दोन कर्जांतून यायचा होता. सीताबर्डी ते लोकमान्य नगर ही आपल्या बाजूची मार्गिका २८ जानेवारी २०२० रोजी सुरू झाली. वासुदेव नगर, बन्सी नगर या स्थानकांचे जिने आपण चढतो ते बऱ्याच अंशी फ्रँकफर्ट आणि पॅरिसच्या पैशावर.

असे कर्ज थेट महामेट्रोच्या नावावर येत नाही. परदेशी बँकेशी करार भारत सरकार करते आणि पैसा पुढे सरकवते. फेडीची जबाबदारी महामेट्रोची, आणि ती कमी पडली तर राज्याची. राज्यांच्या इतर परकीय कर्जांचीही हीच रीत आहे. बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर, म्हणजे २००५ पासून, केंद्र ज्या अटींवर कर्ज घेते त्याच अटींवर ते राज्याला देते. आधी केंद्र मध्ये उभे राहून राज्याला रुपयांत कर्ज देई आणि चलनाची चढउतार स्वतः सोसे. आता ती जोखीमही सामानासोबत पुढे जाते.

ही जोखीम म्हणजे काय, ते साध्या गुणाकाराने कळते. करार झाला तेव्हा एक युरो सुमारे ७५ रुपयांना होता. ५० कोटी युरो म्हणजे ३,७५० कोटी रुपये. २०२५ च्या पावसाळ्यात युरोने शंभरी ओलांडली. तेवढेच युरो आता विकत घ्यायचे तर पाच हजार कोटींहून जास्त मोजावे लागतील. (कर्ज एकदम हाती येत नाही आणि एकदम फेडलेही जात नाही, पैसा काम होईल तसा अनेक वर्षे येत राहिला. म्हणून प्रत्यक्ष फरक याहून कमी भरेल. पण दिशा हीच.)

यावरून 'बघा, फसलो' असे म्हणायची घाई कोणी करू नये. ७५ वरून १०० म्हणजे साडेनऊ वर्षांत वर्षाला सरासरी तीन टक्के. समजा युरोवरचे व्याज दीड-दोन टक्के धरले, तर खरा खर्च साडेचार-पाच टक्के झाला. देशातल्या बँकेकडून तोच पैसा आठ-नऊ टक्क्यांनी उचलावा लागला असता. म्हणजे कर्ज जाहिरातीत दिसते तितके स्वस्त नव्हते, तरी महागही नव्हते. माझे स्वतःचे मत विचाराल तर नागपूरने हे कर्ज घेतले ते योग्यच केले.

काळजी सरासरीची नाही, उडीची आहे. २०२२ च्या सप्टेंबरात युरो ८० रुपयांच्या आसपासच होता. सहा वर्षांत जेमतेम पाच रुपयांची वाढ. मग पुढच्या तीन वर्षांत वीस रुपयांहून जास्त. आठ टक्क्यांचे रुपयाचे कर्ज आठ टक्केच राहते. परक्या चलनातले कर्ज आपल्याला न विचारता फुगते, आणि ते बहुधा अशा वेळी फुगते की आपली स्थितीही नाजूक असते. कारण रुपया घसरण्याचे आणि तिजोरीवर ताण येण्याचे कारण पुष्कळदा एकच असते.

नागपूरला हा अनुभव नवा नाही. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपुरात पोचली. तीही परक्या भांडवलावर आली. लंडनमध्ये भागधारकांनी पौंड गुंतवले आणि त्यांना पाच टक्के परताव्याची हमी इथल्या सरकारने दिली. नफा कमी पडला तर फरक हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे शेवटी शेतसाऱ्यातून भरायचा. कागदोपत्री ते भाग होते, पण हमी लागली की भाग आणि कर्ज यांत फार अंतर उरत नाही.

तेव्हा रुपया चांदीचा होता, पौंड सोन्याचा. साधारण दोन शिलिंगला एक रुपया असा भाव होता. १८७३ च्या सुमारास जर्मनीने सोन्याचे चलन स्वीकारले आणि आपली चांदी बाजारात विकायला काढली. अमेरिकेतल्या नव्या खाणींतूनही चांदी येत होती. चांदी उतरली, तिच्याबरोबर रुपया उतरला आणि १८९० च्या दशकात तो सव्वा शिलिंगच्याही खाली गेला. लंडनला पाठवायचे पौंड तेवढेच, पण त्यासाठी रयतेकडून गोळा करायचे रुपये दीडपटीहून जास्त. बर्लिनमधल्या एका निर्णयाचा भार वऱ्हाडातल्या कास्तकाराच्या पाठीवर कसा येतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी चांदीला बंद केल्या, त्यामागे हेच दुखणे होते.

या पौंडांच्या ओघाबद्दल आपल्याकडे मोठा वाद झाला. दादाभाई नौरोजींनी त्याला संपत्तीचे वहन मानले. देशाचे रक्त बाहेर चालले आहे, असा त्यांच्या मांडणीचा सूर. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९० मध्ये पुण्याच्या औद्योगिक परिषदेत वेगळी बाजू ठेवली. या रकमेतला एक भाग आपण घेतलेल्या भांडवलाचे व्याज आहे, कमी दराने भांडवल देणारा सावकार मिळाला याचे एवढे दुःख करण्यापेक्षा त्या भांडवलातून उद्योग उभे करण्याकडे लक्ष द्यावे, असा त्यांचा रोख होता. रानड्यांवर त्या वेळी टीका झाली, आजही होते. मला दोघांचेही पटते, कारण दोघे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते. दादाभाई विचारत होते की या कराराला संमती कोणाची होती. रानडे विचारत होते की आलेल्या पैशाचे झाले काय.

त्या रेल्वेपाशी एक गोष्ट मात्र होती, जी आजच्या मेट्रोपाशी नाही. ती वऱ्हाड-नागपूरचा कापूस मुंबईच्या बंदरात नेत होती. कापूस विलायतेला जाई आणि पौंड मिळवी. त्या पौंडांतून कास्तकाराच्या वाट्याला किती आले हा वेगळा आणि कडू विषय आहे; पण रूळ ज्या चलनात घेतले त्याच चलनात कमावत होते. मेट्रो माणसे नेते. माणसे कामावर जातात, रुपये कमावतात, रुपयांत तिकीट काढतात. त्या रुपयांचे युरो करायला बाजारात जावे लागते, आणि बाजारात ते युरो-डॉलर येतात ते दुसऱ्याच कोणाकडून: पुण्या-बंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपन्यांकडून, औषधांच्या निर्यातदारांकडून, आखाती देशांत राबून घरी पैसे धाडणाऱ्या मजुरांकडून. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी हेच उत्तर दिले होते. खांब हिंगणा मार्गावर उभे आहेत, त्यांचे युरो कमावणारा माणूस कदाचित या मार्गावर कधी आलेलाही नाही.

म्हणून एखाद्या देशाचे परकीय कर्ज झेपेल की नाही, हे नुसत्या रकमेवरून ठरत नाही. तो देश बाहेर काय विकतो यावरून ठरते. मार्च २०२५ अखेर भारताचे एकूण परकीय कर्ज ७३६ अब्ज डॉलर होते. आकडा छाती दडपवणारा आहे, पण राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानाने तो १९ टक्क्यांच्या आसपास येतो. यात सरकारचा वाटा पाव भागाहूनही कमी. बाकी कंपन्यांची कर्जे आणि अनिवासी भारतीयांनी आपल्या बँकांत ठेवलेल्या ठेवी. हो, न्यू जर्सीतल्या भाच्याने नागपूरच्या बँकेत केलेली ठेव हेही देशाचे परकीय कर्जच. जवळजवळ तीस टक्के कर्ज रुपयांतच आहे, म्हणजे तिथे चलनाची जोखीम देणाऱ्याने घेतली आहे. आणि रिझर्व्ह बँकेची गंगाजळी या एकूण कर्जाच्या नव्वद टक्क्यांएवढी आहे.

१९९१ मध्ये हेच गुणोत्तर सात टक्के होते. कर्ज तेव्हा ८४ अब्ज डॉलरच होते, पण देश बाहेरून जे शंभर डॉलर मिळवी त्यातले ३५ हप्ते-व्याजात जात. आखाती युद्धाने तेल महागले, तिथल्या मजुरांची पैसे पाठवण्याची वाट आटली आणि अनिवासी ठेवीदार ठेवी काढू लागले. गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. आधी स्टेट बँकेमार्फत २० टन सोने परदेशात विकले गेले, पुन्हा विकत घेण्याच्या बोलीवर. मग जुलैत रिझर्व्ह बँकेचे जवळजवळ ४७ टन सोने तारण म्हणून बाहेर गेले. त्याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले. आपल्या पिढीच्या मनात परकीय कर्ज म्हटले की ते विमानाने गेलेले सोने येते. हप्ता मात्र एकही चुकला नाही. ही गोष्ट पुढे पत टिकवायला उपयोगी पडली.

परकीय कर्ज न घेताही त्याची जोखीम अंगावर येते, ते महाराष्ट्राने दाभोळमध्ये पाहिले. एन्रॉनच्या प्रकल्पाची वीज राज्य वीज मंडळाने घ्यायची, तिचा दर मोठ्या अंशी डॉलरशी बांधलेला, मंडळाने पैसे थकवले तर राज्याची हमी आणि तिच्यामागे केंद्राची प्रतिहमी. १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला तेव्हा डॉलर ३१ रुपयांना होता, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला तेव्हा ४७ च्या आसपास. शिवाय नाफ्था महागला. वीज वापरणारा गिऱ्हाईक रुपयांतच बिल भरत होता. बाकीचा इतिहास वाचकांना पाठ आहे.

जगाच्या पाठीवर हा खेळ सर्वांत क्रूर झाला तो १९८२ मध्ये. १९७३ नंतर तेल उत्पादक देशांनी कमावलेले डॉलर अमेरिकी-युरोपीय बँकांत साठले आणि बँकांनी ते लॅटिन अमेरिकेला बदलत्या व्याजदराने दिले. देश कधी दिवाळखोर होत नाहीत, अशी त्या बँकांची समजूत होती. १९७९ मध्ये पॉल व्होल्कर अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख झाले आणि महागाई मोडण्यासाठी त्यांनी व्याजदर वीस टक्क्यांजवळ नेले. ते त्यांनी अमेरिकेसाठी केले. मेक्सिकोचा विचार करणे हे त्यांचे कामच नव्हते. पण मेक्सिकोचे व्याज त्याच दराला जोडलेले होते. ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने हात वर केले. त्यामागून ब्राझील, अर्जेंटिना आणि इतर अनेक. त्या खंडाचे एक दशक वाया गेले. कर्जाचा काही भाग सोडून द्यावा लागेल, हे सावकारांनी मान्य केले १९८९ मध्ये. सात वर्षे लागली.

सावकार शहाणपणाने वागला तर काय होते, याचे उदाहरण शोधायला फार लांब जावे लागत नाही. आपल्या मेट्रोला कर्ज देणाऱ्या बँकेचाच जन्म पाहावा. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर १३२ अब्ज सुवर्णमार्कांची भरपाई लादली गेली. हे व्हायच्या आधीच, १९१९ मध्ये, केन्स यांनी इशारा दिला होता की जर्मनी एवढे देऊ शकणार नाही. भरपाई द्यायची तर जर्मनीला प्रचंड निर्यात करावी लागेल, आणि जेत्यांना तर जर्मन माल नको आहे. माल घ्यायचा नाही आणि पैसे मात्र हवेत, हे जमत नाही. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ही चूक टाळली गेली. १९४८ मध्ये मार्शल योजनेच्या पैशातून उद्ध्वस्त जर्मनीच्या उभारणीसाठी केएफडब्ल्यू स्थापन झाली. तिच्या नावातच पुनर्बांधणी हा शब्द आहे. आणि फेब्रुवारी १९५३ मध्ये लंडनला झालेल्या करारात पश्चिम जर्मनीचे जवळजवळ निम्मे परकीय कर्ज माफ झाले. उरलेले तिला निर्यातीतून फेडता येईल अशा बेताने लांबवले. जर्मन बाजूने वाटाघाटी करणारे हेरमान योझेफ आब्स हेच केएफडब्ल्यूच्या उभारणीतलेही प्रमुख गृहस्थ होते. माफी देणाऱ्यांत ग्रीसही होता. २०१० नंतर ग्रीस बुडाला तेव्हा जर्मनीने त्याला काय ऐकवले, ते फार जुने झालेले नाही.

माफी हे काही दान नव्हते. शीतयुद्धात पश्चिमेला भक्कम जर्मनी हवा होता. आज झांबिया किंवा श्रीलंका तितकी कोणाला हवी आहे? घर बुडाले तर दिवाळखोरीचा कायदा आहे, कंपनी बुडाली तर आहे. देश बुडाला तर नाही. प्रत्येक वेळी सावकारांना नव्याने एकत्र बसवावे लागते, आणि आता सावकार म्हणजे पाश्चात्त्य सरकारे, चीनच्या बँका आणि रोखे घेणारे हजारो गुंतवणूकदार. कोणी आधी सोडायचे यावर घोडे अडते. झांबियाने नोव्हेंबर २०२० मध्ये हप्ता चुकवला. रोखेधारकांशी तडजोड व्हायला २०२४ उजाडले. विकसनशील देशांनी २०२३ मध्ये परकीय कर्जाच्या मुद्दल-व्याजापोटी १.४ लाख कोटी डॉलर भरले. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने जगातले ३४० कोटी लोक अशा देशांत राहतात, जिथे सरकारचा व्याजावरचा खर्च आरोग्यावरच्या किंवा शिक्षणावरच्या खर्चाहून जास्त आहे.

हे सगळे दूरचे वाटत असेल, तर काटोल, नरखेड, वरुड, मोर्शीच्या संत्रा बागाईतदाराला विचारावे. आपल्या संत्र्याचा सर्वांत मोठा परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. त्याने २०१९ पासून संत्र्यावरचे आयातशुल्क वाढवत नेले. सुरुवातीची कारणे वेगळी असतील, पण २०२२ मध्ये तेल आणि धान्य महागल्यावर बांगलादेशची डॉलरची गंगाजळी झपाट्याने उतरली, टका घसरला आणि फळे, सौंदर्यप्रसाधने असल्या 'नसले तरी चालेल' अशा आयातीवर तिथल्या सरकारने बडगा उगारला. जानेवारी २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने त्याला ४७० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. त्याच वर्षी संत्र्यावरचे शुल्क किलोला ८८ रुपयांवर गेले. बागेत ज्या मालाला किलोमागे वीस-पंचवीस रुपये मिळायचे मुश्किल, त्यावर ८८ रुपये कर! निर्यात कोसळली, माल देशी बाजारात तुंबला, भाव पडले. राज्य सरकारला शुल्काच्या निम्म्या रकमेएवढे अनुदान जाहीर करावे लागले. ढाक्याला डॉलर कमी पडले आणि त्याची किंमत वरुडच्या बागेत मोजली गेली. त्या बागाईतदाराने कुठल्याही कर्जाच्या कागदावर सही केलेली नव्हती.

गंमत म्हणजे आता आपणही सावकार आहोत. २०२२ मध्ये श्रीलंकेने हप्ते थांबवले तेव्हा भारताने त्याला सुमारे चार अब्ज डॉलरची मदत केली, आणि कर्जफेरआखणीला पहिली लेखी संमतीही भारतानेच दिली. १९९१ चे सोने आठवणाऱ्याला हे वाचून बरे वाटते.

पुन्हा आपल्या मार्गाकडे वळू. दुसऱ्या टप्प्यासाठी आशियाई विकास बँक आणि युरोपीय गुंतवणूक बँक यांच्याकडून पैसा उभा करायचे ठरले, आणि आशियाई बँकेचा हिस्सा येनमध्ये घ्यायचा आहे. येनची चाल युरोहून निराळी. २०२० मध्ये शंभर येनला ७० रुपये पडत, २०२४ मध्ये ५५ च्या आसपास. या काळात ज्यांनी येनचे हप्ते भरले त्यांना ते स्वस्त पडले. पण त्याच वर्षी मार्चमध्ये जपानच्या मध्यवर्ती बँकेने सतरा वर्षांत पहिल्यांदा व्याजदर वाढवला, आणि ही फेड पुढची वीसेक वर्षे चालायची आहे. चलनाचा विमा उतरवता येतो. पण त्याचा हप्ता भरला की स्वस्त कर्जाचा स्वस्तपणा बहुतेक त्यातच जातो, म्हणून लांब मुदतीला तो सहसा पुरता उतरवला जात नाही. उरतात तीन वाटा: तिकीट वाढवणे, स्थानकांभोवतीच्या जागांतून उत्पन्न काढणे, किंवा राज्याच्या तिजोरीने भरणे. पहिली वाट हिंगण्याला परवडणारी नाही. एमआयडीसीतला कंत्राटी कामगार तिकीट पाच-दहा रुपयांनी वाढले की पुन्हा दुचाकीवर बसेल आणि गाडी रिकामी धावेल. दुसऱ्या वाटेला वेळ लागतो, आणि लोकमान्य नगरच्या आसपास तरी ती अजून नीट सुरू झालेली मला दिसत नाही. तेव्हा काही वर्षे तिसरीच वाट चालणार, आणि राज्याच्या अर्थसंकल्पातल्या त्या रकमेवर येनचा भाव कुठेही लिहिलेला नसेल.